गुंडूची हवापालट

माझा भाचा तारवटी झाला, म्हणजे बोटीवर नोकरीला लागला, याचा आनंद आमच्या घरात तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी तो एक भली मोठी काचेची पेटी घेऊन गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरी उतरला आणि म्हणाला, "मामा, आठच महिने."

पेटीत गुंडू होता. गुंडू हा बॉल पायथन, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. साडेतीन फूट लांब आणि मनगटाएवढा जाड. घाबरला की डोकं मधोमध दडवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून तिकडे बॉल आणि आमच्याकडे गुंडू. विष नाही, आवाज नाही. पंधरा दिवसांतून एकदा एक उंदीर, तोही फ्रीझरमधला, आधी गार सोडवून मग कोमट करून. त्यामुळे आमच्या फ्रीझरमध्ये एका बाजूला बांगडे, दुसऱ्या बाजूला उंदीर आणि मधे हद्द म्हणून मटारचं पाकीट अशी व्यवस्था झाली. मटार त्या दिवसापासून कुणी खाल्ले नाहीत.

भाचा सगळी कागदपत्रंही देऊन गेला. आपल्याकडचा अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, तो पाळला तर तुरुंग. गुंडू परदेशी, म्हणून 2022 च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद झालेली. आमच्या घराचं म्युटेशन अजून आजोबांच्या नावावर अडकलंय. म्हणजे या घरात कागदोपत्री पक्का राहणारा एकटा गुंडूच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आषाढात कुठल्याशा समुद्रावरून भाच्याचा आवाजी निरोप आला, "मामा, गुंडूला जरा बाहेर काढत जा ना. बिचाऱ्याला मोकळी हवा कुठे मिळते?"

बायको म्हणाली, "परवा दोरीवरच्या चादरी आत घ्या म्हटलं तर विसरलात. सापाच्या हवेची बरी आठवण राहते."

पण माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. पेटीत एका कोपऱ्यात 32 अंश, दुसऱ्यात 26 आणि दमटपणा साठ टक्क्यांच्या वर ठेवायचा, हे सांभाळायला दोन काटे, एक गरम गादी आणि पाण्याचा एक फवारा. आणि खिडकीबाहेर तर हेच सगळं फुकट! दिल्लीच्या माणसाला जी हवा वीज जाळून करावी लागते, तिने आमच्या पडवीतल्या चपलांवर बुरशी येते.

चार रात्री मी वाचन केलं. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, भोवतालची असेल तीच त्याची. म्हणजे उन्हात तापलेल्या चिऱ्यावर ठेवून आपण चहा आणायला गेलो तर परत येईपर्यंत कारभार आटोपलेला. वर घार आणि सर्पगरुड, खाली मुंगूस, शेजाऱ्यांचे कुत्रे आणि हुमले. हुमले म्हणजे आमच्या तांबड्या मुंग्या, ज्यांच्यापुढे मी स्वतः टिकत नाही. शिवाय मोर. राष्ट्रीय पक्षी साप खातो, हे आपण कॅलेंडरवर बघताना सोयीस्करपणे विसरतो. आणि निसटला तर? फ्लोरिडाच्या दलदलीत माणसांनी पाळलेले बर्मी अजगर सुटले आणि तिथले ससे नि रॅकून दिसेनासे झाले. एकटा गुंडू फोंडा तालुका ओस पाडेल असं नाही, पण अपकीर्तीला एक पुरतो.

उलट बाजूला मला एकच मुद्दा सापडला, पण जबरदस्त. बेनिन देशात विदाह नावाच्या गावी अजगरांचं देऊळ आहे, आणि तिथे असतात ते गुंडूचेच भाऊबंद. रात्री त्यांना गावात फिरायला सोडतात. एखादा कुणाच्या घरात शिरला तर लोक त्याला मानाने परत देवळात पोचवतात.

"मग त्याला तिथेच पोचवा," बायको म्हणाली.

शेवटी पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा संध्याकाळी पाचला मी गुंडूला अंगणात आणलं. समोर ओलं हिरवं कुळागर, माडांवरून ठिबकणारं पाणी, लांबून मोराची केका. गुंडूने जीभ दोनदा बाहेर काढली, हवा चाखली आणि सरळ माझ्या शर्टाच्या बाहीत तोंड खुपसलं. तिथून उपसून गवतावर ठेवला तर चेंडू झाला. दहा मिनिटं मी त्या चेंडूला गोवा दाखवत उभा होतो.

एवढ्यात पोदेराचा पों पों ऐकू आला. सहा पाव घेतले, सुटे पैसे दिले, वळलो. चेंडू नाही.

अजगर संथ असतो हे खरं, पण आपण बघत असेपर्यंतच. मी तुळशीमागे, पायरीखाली, करवंट्यांच्या ढिगात शोधत होतो, तेव्हा शेजारच्या आवारातून ओरडा आला, "सोरोप! सोरोप रे!"

शेजारच्या आवारात रोयण आहे, म्हणजे वारूळ. आमच्याकडे रोयण म्हणजे साक्षात सातेरी देवी. शेजारच्या आजी तिला रोज हळद-फूल वाहतात. आणि त्या रोयणीत आमचा गुंडू अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यालाही दोष देता येईना. आफ्रिकेत हा प्राणी वाळवीच्या वारुळात आणि उंदरांच्या बिळांत राहतो. मी त्याला हवापालटाला नेलं होतं, त्याला माहेर दिसलं.

पाच मिनिटांत बारा माणसं जमली. मागच्या अर्ध्या सापावरून एकाने निकाल दिला, "घोणस मरे ही!" दुसऱ्याने काठी उचलली. अजगर समजून घोणस हाताळणारे आणि घोणस समजून अजगर मारणारे, दोन्ही जातींची माणसं आपल्याकडे आहेत. माझ्या नशिबी दुसरी आली. मी हातात पावांची पिशवी घेऊन मधे उभा राहिलो आणि ओरडलो, "मारू नका! आमचा तो!"

'आमचा' या शब्दावर जी शांतता पसरली, ती मी जन्मात विसरणार नाही.

शेपटीला धरून ओढायचं नाही एवढं मला वाचून ठाऊक होतं, त्यापुढचं नव्हतं. कुणीतरी सर्पमित्राला फोन केला होता. विशीतला मुलगा स्कूटरवरून आला, पिशवी आणि आकडा घेऊन. वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, हा इथला नव्हे." मी मोबाइलवर नोंदणीचा कागद उघडायला घेतला, रेंज गेली. बारा माणसं, एक सर्पमित्र आणि पांढऱ्या पडद्यावर गोल फिरणारं एक चक्र. सर्पमित्र मात्र निवांत होता. वारूळ न मोडता, अंगाखाली हात घालून त्याने तसूतसूने गुंडूला मागे घेतलं. बाहेर येताच गुंडू पुन्हा चेंडू झाला. नाकाला रोयणीतली हळद लागली होती.

आजींनी ती हळद पाहिली आणि हात जोडले. "राखणदार गो तो," त्या सुनेला म्हणाल्या. काठीवाल्याने काठी हळूच मागे लपवली.

"सर," जाताना सर्पमित्र म्हणाला, "फिरायची हौस त्याला आहे का तुम्हाला?" मी त्याला चार पाव दिले.

त्या रात्री गुंडू आपल्या पेटीतल्या उपड्या मडक्याखाली शिरला आणि सहा दिवस बाहेर आला नाही. उंदीरही नाकारला. भाच्याने विचारलं, "मजा आली ना त्याला?" मी म्हटलं, "जुने लोक भेटले."

पंधरा दिवसांनी नागपंचमीला शेजारच्या सूनबाई हळदीच्या पानातल्या पातोळ्या घेऊन आल्या. ताट माझ्याकडे देत, नजर पेटीकडे ठेवून म्हणाल्या, "आजींनी त्याच्यासाठी धाडल्यात." साप गोड खात नाही, दूध पीत नाही, त्याला उंदीर लागतो, हे सगळं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ताटातून वाफ येत होती.

संध्याकाळी रिकामं ताट परत करताना आजींनी विचारलं, "खाल्ल्या?"

"सगळ्या," मी म्हटलं. "अजून दोन असत्या तरी चालल्या असत्या."