टक्कल भिंतीत गेलं

ऑनलाइन अर्जाने ‘पार्श्वभूमी पांढरी नाही’ म्हणून माझा फोटो परत पाठवला, म्हणून काल कोपऱ्यावरच्या फोटो-झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याचीही भिंत पिवळट. वर ट्यूबलाइट, खाली माझं टक्कल. पोराने फोटोशॉपात मॅजिक वाँड, म्हणजे एका क्लिकमध्ये सारख्या रंगाचा भाग निवडणारी कांडी, घेतली, भिंतीवर क्लिक केलं, आणि भिंतीबरोबर माझा भुवयांच्या वरचा सगळा प्रदेश सिलेक्ट झाला.

“काका, टक्कल भिंतीत गेलं.”

मागे हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा होते. ते चष्मा सावरत स्क्रीनपाशी सरकले.

“डोक्याभोवती मुंग्या कसल्या रे?”

“सिलेक्शन आहे, आजोबा.”

आजोबांनी माझ्याकडे कळवळून पाहिलं. “शुगर आहे का हो तुम्हाला?”

त्या सरकत्या तुटक रेषेला खरंच मुंग्याच म्हणतात. 1984 साली ॲपलच्या मॅकपेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सनने त्या चालवल्या. चाळीस वर्षं चालताहेत, पोचत कुठेच नाहीत. आमच्या इमारतीचा पुनर्विकास असाच चालू आहे.

टॉलरन्स 32 होता. म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा, ते. पोराने 10 केला. टक्कल सुटलं, पण भिंतीचे पोपडे उरले. 20 केला, कपाळ पुन्हा गेलं. शेवटी त्याने लॅसो, म्हणजे हाताने रेघ ओढून भाग निवडायचा फास, घेतला. “अल्ट दाबून डोकं वजा करतो.”

“अरे, आधीच वजा आहे. बेरीज कर!” आजोबा ओरडले. “आणि डावा कान कुठाय? कान नसला तर परत पाठवतात.”

कान आला. मग कडा करकरीत दिसतात म्हणून पोराने त्या मऊ करणारा फेदर वाढवला, तर डोक्याभोवती धूसर तेजोवलय उगवलं.

“छान,” आजोबा म्हणाले. “हार तेवढा राहिला.”

इथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एक पांढरी चादर, दोन खिळे! दिवसाला पन्नास माणसांची डोकी कोरत बसतात, पण भिंतीला चादर लावणार नाहीत. आणि त्या अर्जाला तरी माझ्या मागे काय आहे याच्याशी काय करायचंय?

आजोबांनी आपल्या दाखल्याचा कोरा फॉर्म माझ्यापुढे धरला. “याची एक कॉपी काढून ठेवा. या फोटोबरोबर लागेल.”

बिल झालं 100 रुपये. त्यातले 60 ‘कटिंग’चे. माझ्याकडून एवढे घ्यायला न्हावीसुद्धा लाजतो.