जुनी गाडी, खानदेशचं ऊन आणि २०डब्ल्यू५०चा आग्रह

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: गाडी लाख किलोमीटरच्या वर गेली असेल तर कंपनीचं पातळ ऑइल बंद करा आणि २०डब्ल्यू५० हे जाड ग्रेडचं इंजिन ऑइल टाका. आपल्याकडे पारा ४५ वर जातो, त्यात पातळ ऑइलचं पाणी होतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा बर्फाच्या देशांसाठी असतो, तो बघायचं कारण नाही. जाड ऑइलने प्रेशर वाढतं, इंजिन टिकतं, ऑइल खाणं थांबतं. आणि सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं ऑइल, जुन्या गाडीत टाकूच नका, गळतं. गॅरेजवर गेलात तर हेच अहिराणीत ऐकायला मिळतं: "भाऊ, गाडी जुनी व्हयनी, आते जाड ऑइलच टाकनं पडी."

सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं बरंचसं चूक आहे आणि त्यापायी चांगली चालती इंजिनं खराब होतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी उन्हाचा, कारण तोच सगळ्यांना पटतो. भुसावळला मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर पडलं की ऑइलचं पाणी होत असणार हे सांगायलाच लागत नाही. पण इंजिनातल्या ऑइलला बाहेरच्या हवेचं फारसं देणंघेणं नसतं. थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान धरून ठेवतात, आणि ऑइल गरम झाल्यावर शंभरच्या आसपास खेळतं. जानेवारीत धुळ्यात आणि मेमध्ये भुसावळात, दोन्हीकडे. एसी लावून, गाडी भरून कन्नडचा घाट चढलात तर ते आणखी वर जाईल, पण तेही हिशोबात धरलेलं आहे. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा ठरतो तो १०० अंशांवरच्या जाडीवरून, आणि वर १५० अंशांवर, जोराच्या रगडणीखाली वेगळी चाचणी होते. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असावं लागतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. सेंटीस्टोक हे ऑइलची जाडी मोजायचं एकक.

आता गंमत बघा. मेसेजमधलं 'पातळ' ऑइल, म्हणजे ५डब्ल्यू३०सारखं, ४० अंशांना साधारण ६० ते ७० सेंटीस्टोक असतं, म्हणजे इंजिन गरम असताना असतं त्याच्या सहापट जाड. आपला जीव घेणारा ४५ अंशांचा उन्हाळा ऑइलच्या दृष्टीने अजून गारच आहे. पाणी होण्याचा प्रश्नच येत नाही. मे महिन्यात टेम्परेचरचा काटा खरोखर वर जात असेल तर रेडिएटर बघा. त्याच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले असतील, कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेलं असेल, पंखा उशिरा लागत असेल. ऑइल जाड केल्याने यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याचं बघू. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा, हे खरं. ५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर, आणि तेवढी थंडी तोरणमाळलाही पडत नाही, हेही खरं. पण दोघांतला फरक उणे अंशांना सुरू होऊन तिथेच संपत नाही. ४० अंशांना २०डब्ल्यू५० हे ५डब्ल्यू३०च्या दुपटीहून जाड असतं, आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हे अंतर आणखी वाढतं. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, चढेस्तोवर धातूवर धातू घासायचा धोका असतो. शिवाय आपली गाडी चालते कशी? घरून मळ्यात, मळ्यातून यावल किंवा रावेरच्या बाजारात, परत घरी. इंजिन नीट तापायच्या आत बंद. अशा वापरात ऑइल लवकर वर पोचणं फार महत्त्वाचं. मात्र याचा अर्थ सगळ्यांनी ५डब्ल्यू टाकावं असा नाही. ज्या इंजिनाला कंपनीने १५डब्ल्यू४० सांगितलं आहे, त्याला ते खानदेशात बाराही महिने बिनधास्त चालतं.

"जाड ऑइलने प्रेशर वाढतं" हे वाक्य खरं आहे, पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. प्रेशर वाढतं ते ऑइलला वाटेत होणाऱ्या अडथळ्यामुळे. जाड ऑइल अरुंद वाटेतून कष्टाने जातं, म्हणून प्रेशर जास्त दिसतं. फिरत्या भागांना आधार देणाऱ्या बेअरिंगला मात्र नुसतं प्रेशर पुरत नाही. तिथे सतत ऑइल वाहत राहावं लागतं, कारण घर्षणाची उष्णता तेच वाहून नेतं. त्यातून इंजिन गार असताना ऑइल फारच जाड असलं तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडं ऑइल वर न जाता मागे फिरतं. फिल्टरचाही बायपास उघडू शकतो. तो उघडला की न गाळलेलं ऑइल, कचऱ्यासकट, सरळ बेअरिंगवर. संरक्षणासाठी म्हणून जाड ऑइल टाकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

जाड ऑइलच्या बाजूने आणखी एक मुद्दा सांगतात, गॅपचा: इंजिन जुनं झालं की बेअरिंगमधला, पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांमधला गॅप वाढतो, तो भरायला जाड ऑइल लागतं. यात तथ्य आहे. पण गॅप वाढला की नाही हे किलोमीटरचा आकडा सांगत नाही. धुळे-सुरत हायवेवर एका दमात दीड लाख चाललेलं, वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन आतून ठणठणीत असू शकतं, आणि पांदीच्या धुळीत, फुटक्या एअर फिल्टरवर पन्नास हजार चाललेलं इंजिन संपलेलं असू शकतं. इंजिन कोणत्या पिढीचं आहे तेही बघावं लागतं. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, कार्ब्युरेटरची मारुती ८०० ही इंजिनं जाड ऑइलच्या काळातली. त्यांत नवं म्हणून ०डब्ल्यू२० ओतणं तितकंच चूक. पण अनेक स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामध्ये आलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल घ्या. त्याचा टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेटही हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलवरच चालणारे. व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पेट्रोल इंजिनांत ऑइलच्या वाटा आणखी बारीक. सकाळी स्टार्ट करताच समोरून क्षणभर खडखड ऐकू येते, ती बऱ्याचदा टेन्शनरपर्यंत ऑइल पोचायला लागणाऱ्या उशिराची. आधीच उशीर होत असताना ऑइल दोन ग्रेड जाड करणं म्हणजे उशिरात भर घालणं.

ऑइल खाण्यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माझ्या एका नातेवाइकांची बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळा धूर, मग दिवसभर काही नाही. गॅरेजवाल्याने मेसेजमधला सल्ला दिला आणि ५डब्ल्यू३० काढून २०डब्ल्यू५० भरलं. धूर कमी झाला, सगळे खूश. पिकअप जड झाला आणि अ‍ॅव्हरेज उतरला, त्याकडे कुणी बघितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात धूर परत आला. तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीने हेड न उतरवता व्हॉल्व्ह सील बदलले. जुना सील त्याने माझ्या हातावर ठेवला. नखाने दाबला तर रबर दबलंच नाही, कडेचा तुकडाच पडला. उष्णतेने रबर असं वाळून गेल्यावर कोणत्याही ग्रेडचं ऑइल त्याच्या कडेने खाली झिरपणारच. सील बदलून पुन्हा ५डब्ल्यू३० भरलं, आणि आता ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी जागची हलत नाही.

पहिल्या स्टार्टला धूर म्हणजे संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर, लोडवर निळा धूर म्हणजे संशय रिंगवर, तिथे कम्प्रेशन तपासून घ्या. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ-वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, बघा. हा स्वस्तातला पार्ट चोक झाला तरी इंजिन ऑइल खातं. जाड ऑइल टाकलं की यातलं काहीच दिसत नाही, आणि दिसेल तेव्हा हाफ इंजिनचं काम निघालेलं असतं.

सिंथेटिक गळण्याची गोष्ट फार जुन्या काळातली आहे. तेव्हाच्या काही सिंथेटिक ऑइलांनी सील आकसत. आताच्या ऑइलात त्याची काळजी घेतलेली असते. तरी गळलंच, तर सील बहुधा आधीच गेलेला होता. ऑइल काळं पडणं हाही बदलायचा निकष नाही. डिझेलमध्ये तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

मग जाड ऑइल कधी? गाडीच्या पुस्तकात तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असेल आणि त्यात आपल्या हवेसाठी ४० दिलेला असेल, तर खुशाल वापरा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवर लाल दिवा लुकलुकत असेल तर आधी वेगळा गेज लावून प्रेशर मोजा, कारण कधी नुसता सेन्सरच गेलेला असतो. प्रेशर खरोखर कमी निघालं तर एक पायरी वर, ३० चं ४०, तेही इंजिनाचं काम काढेपर्यंतच. आणि ग्रेडइतकंच डब्यावरचं एपीआय, म्हणजे ऑइलच्या दर्जाची खूण, बघा: पेट्रोलला एसएन किंवा एसपी, जुन्या डिझेलला सीआय-४. सुट्टं ऑइल कितीही जाड असलं तरी घेऊ नका.

मेसेज वाचून २०डब्ल्यू५० आधीच भरलं असेल तर घाबरून आज काढायची गरज नाही. स्टार्ट केल्यावर लगेच रेस देऊ नका, पहिले एकदोन किलोमीटर सावकाश चालवा, दर आठवड्याला पट्टी बघा. पुढची सर्व्हिस थोडी अलीकडे घ्या, आणि तेव्हा ऑइलसोबत फिल्टरही बदलून पुस्तकातल्या ग्रेडवर परत या.