बाबा आमटे संन्यासी नव्हते: एका फॉरवर्डबद्दल खुलासा

‘बायको-मुलांना सोडून संन्यास घेतला, म्हणून आमट्यांना लोक बाबा म्हणू लागले’ असा मेसेज फिरतोय. परवा तो मीही पुढे पाठवला. चूक झाली.

‘बाबा’ हे त्यांचं घरातलं लाडाचं नाव, लहानपणापासूनचं. संन्यासाशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय बाबांनी संसार सोडला नाही, तो सोबत नेला. १९४९ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन ही कुष्ठरोग्यांसाठीची वसाहत उभी राहायला लागली, तेव्हा पत्नी साधनाताई आणि विकास, प्रकाश ही दोन लहान मुलं बरोबर होती. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. साधनाताईंच्या ‘समिधा’ या आत्मकथनात हा संसार त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतो.

त्याआधी हे वकील गृहस्थ वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना डोक्यावरून मैल्याची पाटी वाहायचे. खरं तर फॉरवर्ड करण्यासारखी गोष्ट ही आहे!

पुढे दोन्ही मुलं डॉक्टर झाली आणि याच कामात राहिली. संसार सोडलेल्या माणसाच्या घरी हे कसं घडावं?

मी आधीचा मेसेज डिलीट केलाय. तुमच्याकडे आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका.