म्हणे, केसच धूत नाहीत!

आज एका ग्रुपवर एका कृष्णवर्णीय बाईच्या बारीक वेण्यांचा व्हिडिओ फिरत होता. खाली आपल्याच लोकांच्या हसऱ्या इमोजींची रांग. "हे लोक महिनोन् महिने केस धूत नाहीत." डोकं फिरलं माझं.

धुतात. वेण्या न सोडता धुतात. शांपू पाण्यात पातळ करून टोकदार तोंडाच्या बाटलीने भांगाभांगांत सोडायचा, बोटांच्या पेरांनी टाळू चोळायची, भरपूर पाणी ओतायचं. मग एकेक वेणी पिळून पार मुळापर्यंत वाळवायची. आत ओल राहिली की कुबट वास येतो. रोज धुवायचे मात्र नाहीत. केस इतका वळणावळणाचा असतो की टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, आणि रोजच्या शांपूने तो कोरडा होऊन तुटतो. रात्री सॅटिनची टोपी घालायची, कारण सुती उशी उरलासुरला ओलावाही शोषते. अशा वेण्या घालायला सहा-आठ तास बसावं लागतं आणि त्या सहा-आठ आठवडे ठेवतात. फार आवळल्या तर कानशिलांवरचे केस जातात, कधी कायमचे. हे सगळं सांभाळणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात. आणि आपण हसतो!

१९ डिसेंबर २०१८ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात शाळेच्या कुस्तीच्या वेळी पंचाने १६ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं, ड्रेडलॉक्स (म्हणजे लॉक्स, केसांच्या गुंफून घट्ट झालेल्या जटा) काप नाहीतर सामना सोड. तिथेच, सगळ्यांसमोर, कात्रीने कापले. लांब केस झाकायचा नियम होता, मान्य. पण नियम लिहिताना डोळ्यांसमोर कुणाचे केस होते? लॉक्स नीट बसायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. कापलेले परत जोडता येत नाहीत.

तो पोरगा कुस्ती जिंकला. तरी त्याचा चेहरा बघवत नाही.

हे आजचं नाही. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर मिरोने कृष्णवर्णीय बायकांना डोकं झाकायची सक्ती केली. त्यांनी भडक रंगांची रेशमी फडकी अशी काही बांधली की त्याचीच फॅशन झाली. या बायकांपुढे मी हात जोडते. पुढे नोकरीसाठी केस सरळ करणं आलं. त्यासाठी लावायच्या क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं. ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिलं तर टाळू भाजते. मुळाशी नवे केस कुरळेच येतात, म्हणून दर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तेच. हौसेने करणाऱ्याही आहेत, असोत. पण पगारासाठी टाळू भाजून घ्यायची?

जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा केला, तो देशात पहिला. न्यू जर्सीचा कायदा झाला १९ डिसेंबर २०१९ ला, त्या कुस्तीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. त्या पोराचे केस गेले तेव्हा कुठे राज्याला जाग आली. देशभराचा कायदा मार्च २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात मंजूर झाला आणि दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, अडकला.

कायदा झाला म्हणजे संपलं असंही नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून कायदा लागू आहे. तरी ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने लॉक्स असलेल्या मुलाला कित्येक महिने वर्गाबाहेर ठेवलं. कारण काय, तर लांबी. कायद्यात केसांची ठेवण आहे, लांबी नाही, असं म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानेही शाळेचीच बाजू घेतली. मुलाचे केस डोक्यावर नीट बांधलेले होते. शाळेने नियम लावला तो सोडल्यावर ते कुठवर येतील याला.