घरच्या घरी शॅम्पेन? आधी ती बाटली खाली ठेवा

डिसेंबर लागला की हा मेसेज उगवतोच: 'शॅम्पेन म्हणजे सोड्याचा गॅस भरलेली वाइन, डॉम पेरिन्यो नावाच्या साधूने शोधलेली. हजारो रुपये कशाला घालवता? घरच्या द्राक्षाच्या वाइनमध्ये बाटलीमागे चार मोठे चमचे साखर, चिमूटभर यीस्ट, बूच घट्ट, पंधरा दिवसांत तयार!' यंदा तो आमच्या मामीपर्यंत पोचला आणि तिने रिकाम्या बाटल्या धुऊनही ठेवल्या. म्हणून हा खटाटोप.

आधी साखरेचं बोलू, कारण इथे डोळे जायची पाळी येते. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात तयार वाइनमध्ये लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून वाइनमध्येच मुरतो. दाब चढतो सुमारे 6 बार, मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. आता मेसेजचं माप बघा. चार मोठे चमचे म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास, तेही पाऊण लिटरला. सगळी साखर आंबली तर दाब 16 बारच्या घरात! बूच उडालं तर नशीब समजा. घट्ट बसलं, तर साधी बाटली असल्या दाबासाठी बनवलेलीच नसते.

अंदाजपंचे साखर घालण्याचे परिणाम खुद्द शॅम्पेनवाल्यांनी भोगलेत. तळघरात बाटल्या फटाफट फुटायच्या, कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे चढवून आत जायचे. वाइनमध्ये मुळात किती साखर उरलीय ते मोजून वरून किती घालायची, हा हिशेब 1836 मध्ये त्याच प्रांतातल्या शालों गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने बसवला, तेव्हा कुठे फूट आटोक्यात आली. पिढ्यान्पिढ्या हाच धंदा करणाऱ्यांना मोजमाप लागलं, आणि आपण चमच्याने घालणार!

पंधरा दिवस? तिथला नियमच किमान 15 महिन्यांचा आहे. शिवाय मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो. बाटली फिरवत फिरवत उलटी करून तो मानेत आणतात, मान गोठवतात आणि झाकण काढलं की गाळाचा गोळा बाहेर उडतो. यावर मेसेज गप्प.

आता शोध लावणारे साधूबाबा, डॉम पेरिन्यो. ते शॅम्पेनमधल्या ओव्हिलेरच्या मठात आले 1668 मध्ये. साखर आणि काकवी घालून वाइन फसफसवतात, हे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे 1662 मध्येच मांडलं होतं. साधूबाबांच्या लेखी तर बुडबुडे हा दोषच होता.

राहिला गॅस. बरं, स्वस्तातल्या काही वाइनमध्ये तो खरंच वरून भरतात, आणि प्रोसेको ही इटलीची बुडबुड्यांची वाइन बहुतेक वेळा मोठ्या टाकीत आंबवतात. पण म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. नारायणगावची 'ओमर खय्याम' ऐंशीच्या दशकात बाटलीतच आंबवलेली होती, नाशिकची 'सुला ब्रूट' आजही तशीच होते, आणि दुकानात सरळ विकत मिळते.