नागिणीवर नुसतं मलम पुरत नाही
एका लेखात नागिणीवर (अंगावर दुखरे फोड आणणारा विषाणूचा आजार) असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं मलम सुचवलंय, त्यानं भागत नाही. विषाणू मज्जातंतूत असतो. या औषधाच्या गोळ्याच लागतात, त्याही पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत. मोठ्यांना 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. तोंडावाटे घेतलेलं जेमतेम 15 ते 30 टक्केच रक्तात उतरतं, म्हणून एवढा डोस. पाच वेळा जमत नसेल तर डॉक्टरांना व्हॅलासायक्लोव्हिरबद्दल विचारा.

नागपूरच्या मे महिन्यात खरी काळजी किडनीची. अंगात पाणी कमी पडलं की औषधाचे स्फटिक किडनीच्या नलिकांत अडकतात. भरपूर पाणी प्या आणि दुखतंय म्हणून स्वतःहून डायक्लोफेनॅक तर मुळीच घेऊ नका. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी कमी काम करत असेल, तर डोस कमी करावाच लागतो, नाहीतर म्हातारी माणसं बरळायला लागतात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर नागीण डोळ्यातही उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.