कोपऱ्यातल्या फिश टँकचे वजन भिंती पेलत नाहीत

सांगलीत सध्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो आहे: घरातला रिकामा कोपरा हीच फिश टँकची सर्वांत योग्य जागा, कारण टाकीचे वजन दोन भिंती पेलतात, जागा वाचते आणि आठवड्याला सगळे पाणी बदलले की दुसरे काही पाहावे लागत नाही. माझ्या घरी कोपऱ्याचीच टाकी आहे आणि ती मला प्रिय आहे. म्हणूनच हा सल्ला खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

वजनाचा मुद्दा सर्वांत घातक आहे. सगळा भार स्टँडमधून जमिनीवर येतो, भिंतींवर नाही. 60 सेंटिमीटर बाजूंच्या आणि 45 सेंटिमीटर उंचीच्या पाव वर्तुळाकार टाकीत सुमारे 127 लिटर, म्हणजे 127 किलो पाणी मावते. काच, खडी आणि स्टँड मिळवले की भार दीडशे किलोच्या पुढे जातो. आरसीसी स्लॅबवर भिंतीलगतची जागा खोलीच्या मध्यापेक्षा बरी, एवढे खरे आहे. जुन्या वाड्याच्या माडीवर मात्र लाकडी तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथेच ओल आणि वाळवी आधी लागते, आणि वरून जमीन धडधाकट दिसत असल्याने ते कळतही नाही. शिवाय जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. म्हणून टाकी घेण्यापूर्वी कोपऱ्यात गवंड्याचा गुण्या लावून पाहावा आणि स्टँड पाणसळीत आहे याची खात्री करावी.

जागा वाचते म्हणावे, तर 60 सेंटिमीटर बाजूंच्या काटकोनी त्रिकोणी टाकीचा तळ 60 बाय 30 च्या साध्या टाकीएवढाच भरतो. साधी टाकी एकाच भिंतीला लागते. ही दोन भिंती अडवते. मागच्या टोकाला प्रवाह मंदावतो आणि घाण तिथेच साचते. माझ्या टाकीत त्या टोकाच्या दगडामागे काळा गाळ धरला होता, आणि बाही खांद्यापर्यंत सारूनही बोटे तिथे पोहोचत नव्हती. अखेर सायफनच्या नळीला काठी बांधून तो ओढून काढावा लागला. आता मोठा दगड मी पुढे ठेवतो, आणि भिंतीपासून चार बोटे जागा सोडली आहे.

कोपरा रिकामा असला म्हणजे योग्य ठरत नाही. पश्चिमेच्या खिडकीजवळ एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापते, आणि 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू 30 अंशांना साडेसातवर येतो. त्यातच वीज जाऊन एअर पंप बंद पडला की मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकू लागतात.

सगळे पाणी बदलण्याचा सल्ला तर माशांच्या जिवावर बेततो. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढतात, आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी एकदम भरल्यास तेही मरतात आणि माशांचे कल्लेही पोळतात. आठवड्याला पाव भागच पाणी बदलावे, नव्या पाण्यात आधी अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारे औषध) घालून घ्यावे, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.